फ्रीमाँटचं पासिंग

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माझा ट्रक हा ट्रक वाटतच नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्यांना घ्यायला गेले, दोन्ही बॅगा मागच्या हौद्यात टाकल्या, तेव्हा त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या टायरला चपलेनं हलकेच ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "हा टेम्पो झाला. याच्यात चिऱ्याचा एक थर तरी बसंल का?"

कराड-चिपळूण रस्त्यावर सव्वीस वर्षं टाटा १२१० चालवलेल्या माणसाशी यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. जाताना साखर नाहीतर गूळ, येताना जांभ्याचे चिरे, आणि मध्ये कुंभार्ली घाट. त्या हिशेबानं माझी गाडी टेम्पोच. मी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि आबांची मान वळली. वीस तासांचा प्रवास करून आलेला माणूस, डोळे तारवटलेले, पण कान टवकारलेले.

"सायलेन्सर फाटलाय."

"माहितीये आबा."

"कधीपासनं?"

"महिना झाला असेल."

पुढे घरापर्यंत ते काही बोलले नाहीत. काच खाली करून नुसते ऐकत बसले.

माझा हा टेम्पो म्हणजे २००७ सालची टोयोटा टॅकोमा पिकअप. चार लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, कागदावर २३६ हॉर्सपॉवर. मी ती तिसऱ्या हाताची घेतली. बागेची माती, लाकडाच्या फळ्या, कुणाचं तरी सोफ्याचं सामान, एवढंच तिचं काम. तिच्यावर जीव जडायला आणखी एक कारण आहे. ती जन्मली माझ्याच गावात. कॅलिफोर्नियातल्या या फ्रीमाँटला जनरल मोटर्स आणि टोयोटा यांचा भागीदारीतला नुम्मी नावाचा कारखाना होता. १९८४ साली सुरू झाला, २०१० साली बंद पडला. त्याच इमारतीत आता टेस्लाच्या गाड्या बनतात. म्हणजे जिथून माझी धुरवाली बाहेर पडली, तिथून आता जिला सायलेन्सरच लागत नाही अशी गाडी बाहेर पडते. कामावर जाताना रोज तो कारखाना दिसतो, आणि रोज मला आमच्या गाडीची उगीचच बाजू घ्यावीशी वाटते.

सायलेन्सर बदलायचा हे ठरलंच होतं. पण बदलायचाच आहे तर होता तसाच कशाला, हा किडा डोक्यात शिरला होता. खरं सांगते, मला आवाज हवा होता. कर्कश नको, पोरं मध्यरात्री फाडफाड करत जातात तसला तर नकोच. खर्जातला, छातीत जाणवेल असा हवा होता. लहानपणी केबिनमध्ये इंजिनच्या झाकणावर घोंगडी टाकून मी झोपायचे, तो आवाज कुठेतरी अंगात राहून गेला असणार. चाळिशीच्या बाईनं गाडीला घुमारदार पाइप लावायचा म्हटलं की लोक वयाचा प्रश्न आहे असं समजतात. समजू देत.

अडचण एकच होती. यंदा स्मॉगचं वर्ष होतं.

कॅलिफोर्नियात गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी झाली की दर दुसऱ्या वर्षी तिच्या धुराची तपासणी करून घ्यावी लागते. प्रमाणपत्र नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर गाडी दारात. ही तपासणीही १९८४ चीच, नुम्मीच्या बरोबरीची. इथले लोक तिला नुसतं 'स्मॉग' म्हणतात: "स्मॉग झाला का?" मी घरी फोनवर सांगताना पासिंग म्हणते, कारण आबांना तोच शब्द कळतो. आणि खरं तर मलाही.

हेवर्डच्या एका गल्लीत सायलेन्सरवाल्याचं दुकान आहे. मालक मेक्सिकोतून आलेला, हात आबांसारखेच, नखांच्या कडा कायमच्या काळ्या. त्यानं गाडी लिफ्टवर चढवली आणि मला खाली बोलावलं. "ये, बघ." डोक्यावर आपल्याच गाडीचं पोट पाहणं हा जरा ओशाळवाणा अनुभव असतो, डॉक्टरनं एक्स-रे दाखवावा तसा. इंजिनच्या दोन्ही बाजूंनी दोन नळ्या येतात, वाटेत फुगीर डबे लागतात, मग त्या एकत्र होतात, मग सायलेन्सर, मग मागच्या चाकावरून वळण घेऊन शेपटी. सायलेन्सरच्या बुडाशी गंजून अंगठ्याएवढं भोक पडलं होतं.

त्यानं खिशातून वेल्डरचा पांढरा खडू काढला आणि शेवटच्या फुगीर डब्याच्या मागे नळीवर आडवी रेघ मारली.

"या रेघेच्या मागे," तो शेपटीकडे हात करून म्हणाला, "तुला हवं ते. दोन इंच, अडीच इंच, स्टील, क्रोम, ड्रॅगनचं तोंड लाव. रेघेच्या पुढे मी हात लावत नाही. माझ्या आईची गाडी असली तरी नाही."

या धंद्यातलं सगळं शहाणपण त्या एका रेघेत होतं. पुढे आठवडाभर मी जे काही वाचलं, ते त्या रेघेचंच भाष्य होतं.

ते फुगीर डबे म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इथे सगळे 'कॅट' म्हणतात. आत चिनीमातीच्या जातीचा एक ठोकळा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. चौरस इंचात शेकड्यांनी भोकं. भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा हात फिरवल्यासारखा पातळ लेप. धूर त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांतला प्राणवायू सुटून साधा नायट्रोजन उरतो. पोळं अडीचशे-तीनशे अंश सेल्सियसपर्यंत तापल्याशिवाय हे काही होत नाही, म्हणून थंड गाडी पहिली एक-दोन मिनिटं सगळ्यात घाण धूर सोडते. कॅटच्या पुढे एक सेन्सर, मागे एक. पुढच्याला प्राणवायू सारखा कमी-जास्त होताना दिसतो. पोळं धड असेल तर ते प्राणवायू साठवतं आणि सोडतं, त्यामुळे मागच्या सेन्सरला सगळं संथ दिसायला हवं. मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागला की संगणक ओळखतो, पोळं गेलं. मग समोर पिवळा दिवा लागतो आणि आत एक आकडा लिहिला जातो: पी०४२०. इथल्या गाडीवाल्यांना हा आकडा आपल्याकडच्या 'चारशे वीस'सारखाच ऐकू येत असेल का, असं मला नेहमी वाटतं. फसवणूक दोन्हीकडे आहेच.

रेघेच्या पुढे कंपनीचा सोडून दुसरा कुठलाही भाग बसवायचा तर त्यावर कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. बाहेरचा कॅट बसवलात तर त्याच्या पत्र्यावर तो नंबर ठोकलेला असतो, शेजारी धूर कुठल्या दिशेनं वाहतो त्याचा बाण. तपासणारा आरसा धरून तो वाचतो. नंबर नसलेला कॅट दुसऱ्या राज्यात बराच स्वस्त मिळतो, पण इथे तो असून नसल्यासारखा. हेडर, म्हणजे इंजिनच्या तोंडाशी असणाऱ्या नळ्या, त्यांनाही तोच नियम. रेघेच्या मागे मात्र फक्त आवाजाचं बंधन: माझ्या वजनाच्या गाडीला ९५ डेसिबल.

हे मंडळ इतकं कडक का, याची गोष्ट मला फार आवडते. २६ जुलै १९४३ ला लॉस एंजेलिसवर असा काही धुरकट पडदा उतरला, की लोकांचे डोळे झोंबले, घसे बसले आणि जपान्यांनी विषारी वायू सोडला की काय अशी शंका शहरभर पसरली. युद्धाचे दिवस होते. मग एका रबराच्या कारखान्यावर आळ आला, तो बंद केला, तरी धुरकं जाईना. अखेर छडा लावला तो कॅलटेकमधल्या एका डच रसायनशास्त्रज्ञानं, आरी हागेन-स्मिट त्याचं नाव. हा माणूस त्याआधी अननसाचा वास कशाकशानं बनतो ते शोधत होता. अननसाच्या वासासाठी मांडलेली उपकरणं त्यानं शहराच्या हवेकडे वळवली आणि दाखवून दिलं, की गाड्यांच्या नळीतून येणारे वायू आणि लॉस एंजेलिसचं लखलखीत ऊन, दोन्ही एकत्र आले की हे विष तयार होतं. बाहेरचं कुणी नव्हतं. ज्याच्या त्याच्या गॅरेजमधली गाडीच होती. १९६७ साली हवा मंडळाचा कायदा झाला, गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या सहीनं, आणि मंडळाचा पहिला अध्यक्ष हाच अननसवाला. कॅट १९७५ च्या गाड्यांपासून आले. त्यासाठी पेट्रोलमधलं शिसं काढावं लागलं, कारण शिशानं पोळ्यावरचा लेप मरतो. भारतात चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं १९९५ साली, देशभर २००० साली.

तर मी रेघेच्या मागचा सगळा भाग बदलायचं ठरवलं. अडीच इंची स्टेनलेस पाइप, नवा सायलेन्सर, नवी शेपटी. दुकानदार अडीच इंचालाही नाखूश होता. "सव्वादोन घे," म्हणाला. लोकांना वाटतं नळी जितकी रुंद तितकं इंजिन मोकळं. तसं नसतं. धुराला वेग हवा. तो वेगानं निघून गेला तर मागे पोकळी ठेवतो आणि ती पोकळी पुढचा धूर ओढून घेते. नळी फार रुंद केली तर धूर रेंगाळतो आणि इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरची ओढ जाते. म्हणून सायलेन्सर काढून नुसती नळी लावलेली पिकअप सिग्नलला डरकाळी फोडते आणि निघते मात्र शेळीसारखी. हॉर्सपॉवर तर नगण्य वाढतो. पाच-सात वाढला तर नशीब. डब्यावर काहीही छापलेलं असू दे, पैसे मोजायचे असतात ते आवाजाचे. एवढं मनाशी कबूल केलं की पुढचं सोपं जातं. मी अडीचच घेतली.

पहिले चार दिवस मी उगीचच कामं काढून बाहेर पडत होते. दूध संपलं, चला. कोथिंबीर राहिली, चला. आवाज हवा होता तसाच, थंड सकाळी तर सुरेखच. पाचव्या दिवशी आबांना घेऊन सॅन होझेला गेले तेव्हा हायवेवर पासष्ट मैलांच्या वेगाला ते दोन्ही हात कानांवर ठेवून बसले. "घुमतंय," म्हणाले. खरंच घुमत होतं. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास इंजिनाची धडधड आणि नळीची लांबी यांचा सूर जुळतो आणि सगळी केबिन ढोलासारखी वाजायला लागते. इथले लोक याला 'ड्रोन' म्हणतात. मी म्हटलं, सवय होईल. आबा म्हणाले, "मला सव्वीस वर्षांत झाली न्हाई."

आठव्या दिवशी पिवळा दिवा लागला. पी०४२०.

आता इथे मोहाचा प्रश्न येतो. मी तीस डॉलरचं एक यंत्र घेतलंय, स्टिअरिंगखालच्या खोबणीत बसतं, फोनवर आकडे दाखवतं. त्यात एक बटण आहे: 'पुसून टाका'. दिवा विझतो. आणखीही युक्त्या आहेत. मागचा सेन्सर एका लांब नटावर चढवून नळीच्या जरा बाहेर ओढून घ्यायचा, म्हणजे त्याला धूर नीट दिसतच नाही आणि तो संथ राहतो. दहा डॉलरचं काम. संध्याकाळी जेवताना मी हे सगळं आबांना सांगितलं. मला वाटलं, त्यांना मजा वाटेल. ते हसले, पण लगेच म्हणाले, "म्हणजे पंपाचा स्क्रूच की गं हा."

पंपाचा स्क्रू मी विसरले नव्हते, पण तो इतका जवळ असेल असं वाटलं नव्हतं. मी चौथी-पाचवीत असेन. पीयूसी काढायच्या आदल्या संध्याकाळी गाडी मिस्त्रीच्या दारात जायची. मिस्त्री बॉनेटखाली वाकायचा, डिझेल पंपाचा स्क्रू अर्धा-पाऊण फेरा मागे घ्यायचा, म्हणजे डिझेल कमी जायचं आणि धूरही कमी व्हायचा. "पंप कमी केलाय बरं का, मालक." दुसऱ्या दिवशी पीयूसीच्या टपरीपाशी गाडी उभी करून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, नळीत घातलेलं यंत्र धुराचा काळेपणा मोजायचं. पासष्टच्या आत आकडा आला की कागद मिळायचा. कागद घेऊन आबा तिथून थेट परत मिस्त्रीकडे: "वाढव." सहा महिने कागद खरा, गाडी खोटी.

एकदाच चुकलं. मिस्त्री गावाला गेला होता आणि चिपळूणचा माल खोळंबला होता. पंप कमी ठेवूनच आम्ही निघालो. मे महिन्याची सुट्टी, म्हणून मी केबिनमध्ये. जाताना उतार, काही वाटलं नाही. येताना चिऱ्यांनी भरलेली गाडी घाटाच्या तिसऱ्या वळणावर दम टाकायला लागली. पहिल्या गिअरमध्येही सरकेना. आबा शिव्या घालत होते, किन्नर, म्हणजे क्लीनर, चाकाखाली लावायची उटी घेऊन मागे पळत होता. मी खिडकीतून डोकं काढून मागे पाहिलं. मागे नेहमी काळी भिंत असायची. त्या दिवशी मागे दरी दिसली. झाडं दिसली. मला ते फार आवडलं होतं आणि आबा इतके चिडलेले असताना ते सांगायची सोय नव्हती. धूर म्हणजे ताकद, असं तेव्हा सगळा रस्ता मानायचा.

हा स्क्रू केवळ आमच्या घाटातला नव्हे. १८ सप्टेंबर २०१५ ला फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा मी ऑफिसात बसून वाचत होते आणि मला कुंभार्लीचं तिसरं वळण आठवत होतं. त्यांच्या डिझेल गाड्यांचा संगणक ओळखायचा, की आपण तपासणीच्या रोलरवर आहोत. तेवढ्यापुरता तो सज्जन व्हायचा. रस्त्यावर आला की नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत. जगभरात एक कोटी दहा लाख गाड्यांत ही सोय होती. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या लोकांनी गाडीच्या डिकीत मापकयंत्र ठेवून ती खऱ्या रस्त्यांवर पळवली, तेव्हा आकडे जुळेनात. आबांच्या मिस्त्रीला स्क्रू हातानं फिरवावा लागायचा, एवढाच फरक. आणि इथल्या मोठ्या डिझेल पिकअपवाल्यांचं तर विचारूच नका. धुराची जाळी, धूर स्वच्छ करायला लागणारी युरियाची टाकी सगळं काढून टाकायचं आणि वर काळा धूर सायकलवाल्यांवर मुद्दाम सोडायचा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं २०२० साली हिशेब मांडला होता, दहा वर्षांत अशा साडेपाच लाखांहून जास्त गाड्या. त्यांच्यासाठी शब्द आहे 'डिलीट'. ट्रक डिलीट केला, म्हणतात. हवा डिलीट केली असं कुणी म्हणत नाही.

मी काही पुसलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पुसलं. त्याच रात्री, आबा झोपल्यावर. दिवा विझला, आणि यंत्रानं मला लगेच एक यादी दाखवली: कॅटची तपासणी अपुरी, सेन्सरची अपुरी, त्याच्या हीटरची अपुरी. कारण आकडा पुसला की गाडीची पाटीच कोरी होते. तिनं स्वतःच्या ज्या चाचण्या करून ठेवलेल्या असतात त्याही जातात. आणि कोरी पाटी घेऊन गेलात तर स्मॉगवाला नापासच करतो. २००० नंतरच्या पेट्रोल गाडीला फक्त पेट्रोलच्या वाफेची एक चाचणी अपुरी चालते, बाकी सगळ्या पुऱ्या हव्यात. म्हणजे इथे स्क्रू फिरवला तर फिरवल्याची खूण राहते. ज्यानं कुणी हे रचलं तो कधीतरी आमच्या मिस्त्रीला भेटला असणार.

सकाळी गाडी हेवर्डला नेली. दुकानदारानं यंत्र वगैरे काही काढलं नाही. इंजिन सुरू ठेवलं, एक जाड ओलं फडकं घेऊन शेपटीचं तोंड दाबून धरलं आणि मला म्हणाला, "ऐक." मी ऐकलं, मला काही कळलं नाही. आबा मात्र गुडघ्यावर हात ठेवून वाकले, गाडीच्या कुशीपाशी गेले आणि बोटानं दाखवलं: "हितनं. फुसफुसतंय." कॅटच्या मागे, सेन्सरच्या अलीकडे एक सांधा होता. गंजलेले बोल्ट काढताना त्याला हिसका बसला असणार. आतली गॅस्केट एका बाजूला चेपली होती. धूर थोडा बाहेर येत होता आणि दोन धडधडींच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जात होती. ती हवा सेन्सरला दिसत होती आणि तो पोळ्यावर आळ घेत होता. पोळं बिचारं धड होतं. बाराशे डॉलरचा कॅट बदलायच्या तयारीत मी होते. लागली बारा डॉलरची गॅस्केट. चूक दुकानातलीच होती, त्यानं मजुरी घेतली नाही. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी पुढची वीस मिनिटं ते दोघे त्या सांध्याकडे बोटं करत बोलत होते. जाताना आबांनी कानांवर हात ठेवून त्याला घुमण्याचा अभिनय करून दाखवला. दुकानदार खूप हसला आणि पाइपच्या मध्ये एक छोटा डबा, रेझोनेटर, बसवून दिला. आवाज निम्मा झाला. मी तोंड पाडलं, पण कुणी विचारलं नाही.

मग पाटी भरायची. गाडीच्या चाचण्या आपण बसल्या जागी करू शकत नाही, त्या तिच्या तीच करते, तिला हवी तशी चालवली तर. रात्रभर गार झालेली गाडी सुरू करा, थोडी तशीच राहू द्या, मग शहरातून, मग पंचावन्नच्या एकसारख्या वेगानं काही मैल, मग ब्रेक न लावता वेग उतरू द्या. तीन दिवस पहाटे मी आणि आबा निघायचो. ६८० वरून सुनोलचा चढ, मग ८४ नंबरचा नाइल्स कॅन्यनचा वळणावळणाचा रस्ता धरून परत. ओढ्याकाठी सिकॅमोरची झाडं, एका अंगाला जुनी रेल्वे. यंत्र आबांच्या मांडीवर. एकेक खूण हिरवी झाली की ते मोठ्यानं सांगायचे, शाळेतल्या पटासारखं. "सेन्सर, हजर."

तिसऱ्या सकाळी एका वळणावर ते एकदम म्हणाले, "घाटात ती करवंदवाली बसायची बघ."

"कुठली?"

"तिसऱ्या वळणाच्या वर. द्रोण घिऊन. आपली गाडी दिसली की पदर टाकायची. पहिल्यांदा टोपलीवर. मग तोंडावर." थोड्या वेळानं: "आधी टोपली झाकायची."

तेवढ्यात कॅटची खूण हिरवी झाली. त्यांनी ती पुकारली नाही. मीच नंतर पाहिली.

स्मॉगच्या दुकानात दोन खण होते. एका खणात कुणाची तरी १९९५ ची पिकअप रोलरवर चढवलेली, चाकं जागच्या जागी पंधरा मैलांनी, मग पंचवीस मैलांनी फिरत होती, शेपटीत नळी खुपसलेली. आबा खूश झाले. "हे खरं पासिंग." मग आमची गाडी दुसऱ्या खणात गेली. तपासनीस तरुण होता. बॉनेट उघडून आतली चिकटपट्टी वाचली, नळ्या पाहिल्या, पेट्रोलचं झाकण पाहिलं. टॉर्च आणि आरसा घेऊन खाली वाकला. कॅटवर उजेड टाकला, कंपनीचेच आहेत ना ते पाहिलं. टॉर्चचा झोत पुढे सरकत माझ्या नव्या चकचकीत पाइपवर आला आणि न थांबता निघून गेला. खडूची रेघ केव्हाच पुसली होती, पण तो झोत बरोबर तिथूनच घाईनं पुढे गेला. मग त्यानं स्टिअरिंगखाली वायर जोडली आणि पडद्याकडे बघत बसला.

आबा शेपटीपाशी उभे राहून वाट पाहत होते. "नळी कधी घालणार?"

"घालत नाहीत आबा. या गाडीला नाही."

"मग धूर कोण बघणार?"

"गाडीच सांगते. गेल्या कितीतरी दिवसांचं."

त्यांनी गाडीकडे जरा संशयानं पाहिलं. घरचंच माणूस पोलिसाला फितूर झाल्यासारखं. "म्हणजे आजच्यापुरतं चांगलं वागून भागत न्हाई," ते म्हणाले. मग पुतण्याची, म्हणजे माझ्या चुलतभावाची गोष्ट काढली. त्याचा बीएस-सिक्स ट्रक आहे, २०२० नंतरचा. त्यात युरिया संपला की गाडी रडायला लागते, जोरच धरत नाही. कुणीतरी त्याला एक छोटा डबा विकायला आलं होतं, तो लावला की युरिया न टाकताही गाडीला टाकल्यासारखं वाटतं. "घेतला का?" मी विचारलं. आबांनी त्या रोलरवर फिरणाऱ्या चाकांकडे पाहत राहणं पसंत केलं.

दहा मिनिटांत झालं. पास. तपासणीचे पैसे, वर राज्याचे प्रमाणपत्राचे सव्वाआठ डॉलर. कागद तारेनंच नोंदणी खात्याकडे गेला, आम्हाला एक प्रत. मी ती वाचत होते, सगळ्या रकान्यांत 'पास', आणि मला मध्येच लक्षात आलं की आबा शेजारी नाहीत.

ते गाडीच्या मागे उकिडवे बसले होते. नवी शेपटी निवली की नाही ते हाताच्या मागच्या बाजूनं अंदाज घेऊन पाहिलं, आणि उजव्या हाताची तर्जनी नळीत घालून आतून एक वळसा फिरवला. कराडला दर दोन-चार दिवसांनी करायचे तसाच. बोट तेलकट काळं आलं तर पिस्टनच्या रिंगा, कोरडं काळं आलं तर पंप. बोट बाहेर काढून उन्हात धरलं. राखाडी, कोरडं, रांगोळीच्या चिमटीइतकं. त्यांनी ते अंगठ्यावर चोळून पाहिलं, नाकाशी नेलं.

मग हात सवयीनं कमरेला गेला, जिथे सव्वीस वर्षं चिंधी खोचलेली असायची. तिथे काही नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बोट माझ्या टेम्पोच्या फाळक्याला पुसलं.